निसर्गातील गणित आणि छायाचित्राची साक्ष



मराठीच्या एका सेवानिवृत्त प्राध्यापकाने गणित आणि छायाचित्रण या दोन विषयांवर एका दमात बोलावे, याचे आपणांपैकी काहींना आश्चर्य वाटले असेल. ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते गणित शिकवीत आणि सहलीला निघताना खांद्याला कॅमेरा अडकवीत, हे एक निमित्त. दुसरे असे की, छंदःशास्त्राच्या अभ्यासकाला मोजण्याची खोड जन्माची लागलेली असते. ज्या बडोद्यात आपण आज जमलो आहोत, त्याच बडोद्यात १८९४ साली माधव जूलियन जन्मले. त्यांच्या ‘छंदोरचना’ या ग्रंथावर आमच्या पिढीने मात्रा मोजायला शिकून घेतले. मात्रा मोजणारा मनुष्य सूर्यफुलाच्या बिया मोजू लागला, तर तो फार दूर गेला असे मला वाटत नाही.

निसर्गात गणित आहे, हे आपण सहज बोलून जातो. पण ते पाहिले कोणी, कसे पाहिले आणि पाहिलेले खरे कशावरून, हे प्रश्न आपण क्वचितच विचारतो. आज मला याच प्रश्नांचा थोडा पाठपुरावा करावयाचा आहे.

हिमकण षट्कोनी असतो, ही गोष्ट केप्लरने १६११ साली एका छोट्या पुस्तिकेत चर्चेला घेतली. तो पाचकोनी का नाही, सातकोनी का नाही, असा त्याचा प्रश्न होता. आपल्या आश्रयदात्याला नववर्षाची भेट म्हणून त्याने ती पुस्तिका दिली. ग्रहांच्या कक्षा मोजणाऱ्या या माणसाला बाहीवर पडलेल्या हिमकणानेही तितकेच कोड्यात टाकले होते. उत्तर त्याला सापडले नाही आणि सापडणे शक्यही नव्हते. बर्फात पाण्याचे रेणू षट्कोनी जाळीत बसतात, हे कळायला विसाव्या शतकातील क्ष-किरणांचे तंत्र यावे लागले.

मधल्या काळात हिमकण लोकांना घरबसल्या दाखविला तो अमेरिकेतील व्हर्मांट प्रांतातल्या जेरिको गावच्या एका शेतकऱ्याने. विल्सन बेंटली हे त्याचे नाव. जन्म १८६५ चा. आईने पंधराव्या वर्षी त्याच्या हाती सूक्ष्मदर्शक दिला. आधी त्याने हिमकणांची चित्रे हाताने काढून पाहिली; परंतु चित्र पुरे होण्याआधीच कण वितळून जाई. मग त्याने सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडला आणि १५ जानेवारी १८८५ रोजी हिमकणाचे पहिले छायाचित्र टिपले. तेव्हा तो विशीचाही झाला नव्हता. पुढे सेहेचाळीस वर्षे तो थंडगार खोपटात, श्वास रोखून, काळ्या फळीवर कण झेलीत राहिला. लाकडाच्या बारीक काडीने कण उचलावा, पिसाने काचेवर हलकेच दाबून बसवावा, आणि तो वितळण्याच्या आत टिपावा. अशी पाच हजारांवर छायाचित्रे त्याने काढली. त्यांतील दोन हजारांहून अधिक निवडून १९३१ साली ग्रंथरूपाने निघाली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात बेंटली वारला.

ही साधना पाहून मान लवते. पण याच साधनेत एक अडचण दडलेली आहे. पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढरा कण नीट उठून दिसत नसे. म्हणून बेंटली मूळ काच जपून ठेवी आणि तिच्या प्रतिकाचेवर कणाभोवतीचा लेप चाकूने खरवडून काढी. त्यामुळे छापात पार्श्वभूमी काळीभोर येई. बर्लिनचे हवामानशास्त्रज्ञ हेलमान यांनी यावर आक्षेप घेतला. चाकू कडेवरून फिरला की कड कणाची उरत नाही, ती चाकूची होते, असा त्याचा मथितार्थ. हेलमान यांनी स्वतः नॉयहाउस या छायाचित्रकाराच्या साह्याने हिमकण टिपवून घेतले होते व १८९३ साली पुस्तक काढले होते. त्या चित्रांतले कण कुठे तुटके, कुठे एका अंगाने वाढलेले, कुठे लंगडे होते.

मग खरे कोण? माझ्या मते दोघेही खरे. पण बेंटलीचा ग्रंथ चाळणाऱ्याला वाटते की आभाळातून पडणारा प्रत्येक कण तसाच रेखीव असतो, आणि ते मात्र खरे नाही. बहुतेक कण वेडेवाकडेच असतात. बेंटलीने सुंदर तेवढे निवडले. या निवडीचा दोष मी त्याला देत नाही. शेकडो अभंगांतून पाठ्यपुस्तकासाठी चार काढणारे आम्ही लोक कोणत्या तोंडाने देणार? फक्त, चार अभंगांवरून संपूर्ण गाथेचे अनुमान करू नये, एवढेच.

जपानात सापोरो येथे उकिचिरो नाकाया यांनी १९३६ साली प्रयोगशाळेत, सशाच्या केसावर, कृत्रिम हिमकण वाढविले, तेव्हा या वेडेवाकडेपणाचाही उलगडा होऊ लागला. तापमान शून्याखाली दोन अंशांच्या आसपास असेल तर चपट्या चकत्या तयार होतात, पाच अंशांच्या आसपास सुया आणि स्तंभ, पंधराच्या सुमारास फांद्या फुटलेले तारे. हवेत ओल किती आहे, यावर फांद्यांचा पसारा ठरतो. कण खाली येताना निरनिराळ्या थरांतून जातो. त्याचे सहाही हात एकाच वेळी एकाच हवेतून जातात, म्हणून ते एकमेकांसारखे वाढतात. एका हाताला दुसऱ्याची खबर नसते. वाटेत धक्का बसला, दुसरा कण चिकटला, की ही समता मोडते. म्हणजे जो नियम रेखीव कण घडवितो, तोच लंगडाही घडवितो.

आता इंग्लंडातील वर्दिंग्टन यांची हकिगत सांगतो. मला ती बेंटलीच्या हकिगतीहून अधिक मोलाची वाटते. थेंब पृष्ठभागावर पडला की जो शिंतोडा उडतो त्याचा आकार कसा असतो, हा त्यांचा ध्यास होता. विषय क्षुल्लक वाटेल. पण पावसाळ्यात पागोळ्यांखाली उभे राहून ज्याने पाणी पाहिले आहे, त्याला तो क्षुल्लक वाटणार नाही. वर्दिंग्टन अंधाऱ्या खोलीत दुधाचा किंवा पाऱ्याचा थेंब सोडीत, नेमक्या क्षणी विजेची ठिणगी पाडीत, आणि डोळ्यांत क्षणभर राहिलेले चित्र तत्काळ कागदावर उतरवीत. १८७६ साली त्यांचे पहिले निबंध आले. त्यांतील आकृत्या विलक्षण देखण्या होत्या: समान अंतरावर किरण फुटलेले, जणू एखादे पदकच.

पुढे १८९४ साली ठिणगीच्या प्रकाशात थेंबाचे छायाचित्र घेणे त्यांना साधले. छायाचित्रातला मुकुट मात्र तसा नव्हता. एक कळी मोठी, एक खुरटी, कुठे दोन चिकटलेल्या, कुठे मधेच खिंडार. वर्दिंग्टन यांनी आपली जुनी टिपणे पुन्हा काढून पाहिली. तेव्हा असे दिसले की वेडेवाकडे शिंतोडे त्यांनी पूर्वीही पाहिले होते, काढलेही होते. परंतु छापायला देताना ते अपवाद समजून बाजूला ठेवले होते. अठरा वर्षे डोळ्याने जे पाहिले, ते मनाने दुरुस्त करून घेतले होते. त्यांनी हे सारे लिहून ठेवले आणि १९०८ च्या आपल्या ग्रंथात नवी छायाचित्रे दिली.

त्यांच्या मुकुटात मग गणित उरले नाही काय? उरले, किंबहुना अधिक खोल झाले. वर उठणाऱ्या पातळ भिंतीची कड पृष्ठताणामुळे जाड होते आणि ती जाड कड मण्यांत तुटू पाहते. द्रवाची बारीक धार तिच्या परिघाहून अधिक लांब झाली की स्थिर राहू शकत नाही, हे प्लातो यांनी त्याआधीच दाखविले होते. नळाची बारीक धार खाली थेंबांत तुटते ती याच कारणाने. मणी किती होतील हे ढोबळ मानाने सांगता येते, नेमके सांगता येत नाही. सुरुवातीच्या किंचित थरथरीवर ते अवलंबून असते. हेरल्ड एजर्टन यांचे १९५७ चे दुधाच्या मुकुटाचे रंगीत छायाचित्र आपणांपैकी पुष्कळांनी पाहिले असेल. ते पुन्हा पाहा आणि त्यातल्या कळ्यांमधली अंतरे पट्टीने मोजा.

आता माझ्या घरच्या विषयाकडे वळतो. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. चार मात्रांचा तुकडा किती प्रकारांनी भरता येईल? दोन गुरू, गुरू-लघु-लघु, लघु-गुरू-लघु, लघु-लघु-गुरू, चार लघु. एकूण पाच. शेवटचे अक्षर लघु असेल तर त्याआधी तीन मात्रांची मांडणी असते, गुरू असेल तर दोन मात्रांची. म्हणून तीनच्या तीन व दोनच्या दोन मिळून चारच्या पाच. याच रीतीने पुढे आठ, तेरा, एकवीस, आणि आठ मात्रांच्या ३४. आपल्या पादाकुलकाचे आवर्तन आठ मात्रांचे आहे, हे जाता जाता लक्षात असू द्या. ही रीत विरहांकाच्या प्राकृत छंदोग्रंथात आहे आणि बाराव्या शतकात याच गुजरातेत, अणहिलवाड पाटणला, हेमचंद्राचार्यांनी ती स्पष्ट मांडली. इटलीच्या फिबोनाचीचा ग्रंथ १२०२ सालचा, म्हणजे हेमचंद्रांच्या सुमारे अर्धशतक नंतरचा. श्रेणीला नाव मात्र त्याचे मिळाले. याबद्दल मी तक्रार करीत नाही, पण वर्गात सांगायला चुकत नाही.

हीच ३४ ची संख्या सूर्यफुलात भेटते. पिकलेल्या चकतीवर बियांच्या वळणदार रांगा दिसतात, काही डावीकडे वळणाऱ्या, काही उजवीकडे. एका दिशेच्या ३४ भरल्या तर दुसऱ्या दिशेच्या बहुधा ५५ भरतात. अननसाच्या डोळ्यांतही ८ आणि १३ च्या रांगा सापडतात. फूल हातात धरून या रांगा मोजू पाहाल तर विसाव्या रांगेपाशी नजर घसरते आणि पहिली कोणती होती तेच आठवत नाही. छायाचित्र हलत नाही. त्याच्या मोठ्या छापावर पारदर्शक कागद ठेवून प्रत्येक रांगेला बाहेरच्या कडेपासून क्रमांक द्यावा. दुसऱ्या दिवशी दुसऱ्याकडून तेच मोजून घ्यावे. भिंग चकतीच्या बरोबर समोर हवे. तिरपे धरले तर वर्तुळ लंबवर्तुळ होते आणि मापे खोटी ठरतात. शेजारी पट्टी ठेवून चित्र घेतले म्हणजे आकारही कळतो.

या संख्या येतात कशा? कोंबाच्या टोकाशी नवा अंकुर जिथे सर्वांत अधिक मोकळी जागा असेल तिथे फुटतो, असे होफमाइस्टर यांनी १८६८ साली सांगितले. दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी, दुआदी आणि कुदे यांनी, १९९२ साली वनस्पतीशिवायच ते करून दाखविले. चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या बशीच्या मध्यावर त्यांनी चुंबकीय द्रवाचे थेंब ठरावीक वेळाने सोडले. थेंब एकमेकांना दूर लोटीत कडेकडे सरकत. थेंब पुरेशा लवकर लवकर सोडले की दोन लागोपाठच्या थेंबांतला कोन आपोआप साडेएकशे सदतीस अंशांच्या जवळ स्थिरावे आणि बशीत सूर्यफुलाच्या रांगा उमटत. त्या बशीत ना बीज होते, ना जीव.

इथे एका गैरसमजाचा समाचार घ्यायला हवा. शंखाच्या छेदाचे छायाचित्र छापून त्यावर ‘सुवर्ण सर्पिल’ रेखाटण्याची चाल पडली आहे. नॉटिलसचा शंख वाढताना आपले रूप कायम राखतो, हे खरे. पण तो एका फेऱ्यात सुमारे तिपटीने रुंदावतो, तर सुवर्ण सर्पिल एका फेऱ्यात जवळजवळ सातपट रुंदावते. ज्यांनी छायाचित्रावर पट्टी ठेवली त्यांना हे दिसले. ज्यांनी केवळ रेघ ओढली त्यांना हवे तेच दिसले.

शेवटी मँचेस्टरची हकिगत. संगणकशास्त्राचे प्रवर्तक अ‍ॅलन ट्युरिंग आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत वनस्पतींच्या या संख्यांवर काम करीत होते. ते काम त्यांच्या १९५४ मधील निधनाने अपुरे राहिले. त्यांच्या जन्मशताब्दीला, २०१२ साली, तेथील विज्ञान-संग्रहालयाने सामान्य लोकांना सूर्यफुले लावण्याचे आवाहन केले. लोकांनी फुले वाढविली, रांगा मोजल्या आणि छायाचित्रे पाठविली, त्यामुळे अभ्यासकांना मोजणी पडताळून पाहता आली. २०१६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. फुले ६५७. दोन्ही दिशांच्या मिळून तपासलेल्या संख्या ७६८. त्यांपैकी ५६५ हेमचंद्रांच्या श्रेणीतल्या निघाल्या. आणखी ६७ त्या श्रेणीशी नाते सांगणाऱ्या. उरल्या १३६. त्या नेहमीच्या नियमात बसल्या नाहीत.

या न बसणाऱ्या संख्यांकडे अभ्यासकांनी पाठ फिरविली नाही. काही संख्या श्रेणीच्या अगदी शेजारच्या होत्या, आणि त्यांतही एकाने कमी असणाऱ्या संख्या एकाने जास्त असणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे अधिक भरल्या. मोजणीतल्या निव्वळ गोंधळामुळे असे झाले असते, तर दोन्ही बाजू सारख्या भरायला हव्या होत्या. एकाने कमीच का? जुन्या सिद्धांतांत याचे तयार उत्तर नव्हते. लोकांनी फक्त देखणी आणि ‘बरोबर’ आलेली फुले पाठविली असती, तर हा प्रश्न निर्माणच झाला नसता.

आज या सभागृहात क्वचितच कोणाच्या खिशात कॅमेरा नसेल. येत्या हंगामात शाळेच्या बागेत सूर्यफुलाच्या दोन-तीन ओळी लावाव्यात, प्रत्येक फुलाचे चित्र समोरून आणि पट्टीसह घ्यावे, आणि मोजणीची वही ठेवावी, अशी मुख्याध्यापकांना माझी सूचना आहे. वहीत एक रकाना न जुळलेल्या फुलांसाठी असावा आणि त्यांची चित्रेही तितक्याच निगुतीने चिकटवावीत. वहीची पहिली प्रत मी शाळेच्या स्वाधीन करून जातो. पारदर्शक कागदाचा गठ्ठाही सोबत आणला आहे.