पुढे पाठवलं कोणी? आम्हीच

मागच्या वेळी आपण शेळ्यांच्या विम्याचं बोललो होतो, आज मोबाइलचं बोलायचंय. मोबाइल कसा वापरायचा हे नव्हे, ते तुमची पोरं आमच्यापेक्षा चांगलं सांगतील. आज आमच्या गटाची एक चूक सांगायची आहे. ती रेडिओवर सांगायचीच, असं बैठकीत ठरलं. दोघींचा विरोध होता, तरी ठरलं.

आमच्या गावात केसांवर भांडी देणारी एक बाई यायची. डोक्यावर पाटी, पाटीत स्टीलच्या वाट्या नि डबे, खांद्याला झोळी. विंचरताना निघालेले केस आपण गुंडाळून ठेवतो, ते ती घ्यायची. एका वाटीसाठी घासाघीस व्हायची, मग चहा व्हायचा. सात-आठ वर्षांची ओळख. पण तिचं नाव-गाव आम्ही कुणीच कधी विचारलं नव्हतं.

पावसाळ्याच्या तोंडाला गटाच्या व्हॉट्सॲपवर एक आवाजाची क्लिप आली. पोरं पळवणारी टोळी फिरतेय, भांडी विकायचं सोंग घेऊन बाया येतात, लेकरं सांभाळा. आवाज बाईचा, घाबरलेला. आम्ही ऐकली आणि लगेच पुढे पाठवली. ग्रामसंघाच्या ग्रुपवर, माहेरच्या ग्रुपवर, जिला-तिला. काळजीपोटीच पाठवली, वाईट मनात काही नव्हतं.

चार दिवसांनी ती आली. देवळापाशी पोरांनी अडवलं, झोळी उलटी केली. झोळीतून केस निघाले, दुसरं काय निघणार? एकाने पाटीला लाथ घातली. दुसऱ्याने हात उगारला, तेव्हा आमच्यातल्या दोघी मध्ये पडल्या. बाकीच्या आम्ही उंबऱ्यात उभ्या राहून बघत होतो. ती खाली बसून वाट्या गोळा करत होती. एक वाटी गटारात गेली होती, तीही तिने काढून पुसून घेतली. आमच्याकडे तिने एकदाही पाहिलं नाही.

तुम्ही म्हणाल, जीव तर वाचला ना. हो, वाचला. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला नाही वाचला. १ जुलै २०१८, रविवार, आठवडी बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागायला आले होते. बहुतेक सोलापूरकडचे, मंगळवेढा तालुक्यातले. मुलं पळवणारे समजून जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत मारून टाकलं. पाचही जणांना. पुढे २०२४ मध्ये धुळ्याच्या न्यायालयाने सात जणांना जन्मठेप दिली. म्हणजे इकडच्या घरांतही बाया एकट्या पडल्या आणि तिकडच्याही.

त्या वर्षी देशभर एक व्हिडिओ फिरत होता. मोटारसायकलवर दोघे येतात, खेळणारं पोर उचलून नेतात. तो होता कराचीतला, मुलं कशी जपावी हे लोकांना कळावं म्हणून मुद्दाम बनवलेला. मूळ व्हिडिओत शेवटी ते दोघे पोर परत आणून सोडतात आणि संदेशाची पाटी दाखवतात. तेवढा शेवटच कुणीतरी कापून टाकला. बाकी सगळं तसंच ठेवलं.

हे एवढं पसरतं कसं, ते आम्ही बैठकीत ज्वारीचे दाणे मांडून बघितलं. एकीने पाच जणींना पाठवलं, त्या पाचींनी प्रत्येकी पाच जणींना. पाचव्या फेरीला ३१२५ होतात. दाणे पुरले नाहीत. आणि व्हॉट्सॲपचा मेसेज कुलूप लावून जातो, किल्ली फक्त पाठवणारीच्या नि घेणारीच्या फोनमध्ये. बाहेरच्या कुणाला तो वाचता येत नाही, हे आपल्या खासगी बोलण्यासाठी चांगलंच आहे. पण त्याचा अर्थ असाही, की मध्ये कुणी खरं-खोटं तपासत नाही. मेसेजवर दोन बाण दिसले तर समजा, तो निदान पाच हातांतून फिरून आलाय. आमच्या क्लिपवर दोन बाण होते. आता माहीत झालं.

निवडणूक आली की गट चालवणाऱ्या बायांचा भाव वाढतो, कारण आमच्याकडे नंबर असतात. 'ताई, एवढं ग्रुपवर टाका,' म्हणून फोन येतात. त्यात कधी दुसऱ्या जातीबद्दल, धर्माबद्दल असं काही असतं, की ते समोरासमोर बोलायची कुणाची छाती होणार नाही. मत कुणाला द्यायचं ते जिचं तिने ठरवावं. पण कर्जफेडीच्या नि बैठकीच्या निरोपांसाठी केलेला ग्रुप आम्ही कुणाला उसना देणार नाही, हे ठरावाच्या वहीत लिहून सगळ्यांच्या सह्या घेतल्या आहेत. लाडकी बहीणच्या केवायसीची लिंकसुद्धा अंगणवाडी सेविकेला विचारल्याशिवाय टाकत नाही. अनोळखी माणसाची शंका आलीच, तर ११२ ला फोन करायचा, ग्रुपवर नाही.

आणि ती क्लिप आम्ही जिथे-जिथे पाठवली होती, तिथे 'ही खोटी होती, चूक आमची' असा निरोप पाठवला. त्याला मात्र कुणी पुढे पाठवलं नाही.

ती बाई नंतर आली नाही. पलीकडच्या गावात दिसली असं कुणी म्हणालं, म्हणून तिथल्या गटाकडे निरोप ठेवलाय. तुमच्याकडे आली तर सांगा तिला, आमच्याकडे केस साठलेत. आणि नाव विचारून ठेवा.