बोलण्यातील शिवाशिव
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



शिक्षकाच्या पेशात हयात गेल्यामुळे दुसऱ्यास उपदेश करण्याची खोड माझ्या अंगी मुरली आहे. परंतु आज प्रथम स्वतःची चूक सांगतो. हजेरी घेताना एका मुलास मी नावाऐवजी ‘ए कातकऱ्या’ अशी हाक मारीत असे. वर्ग हसे, मीही हसे. काही दिवसांनी तो येईनासा झाला. आईबापांबरोबर वीटभट्टीवर गेला असेल, असे मी मनाचे समाधान करून घेतले. पुढे कित्येक वर्षांनी तो मुरबाडच्या बाजारात भेटला. नमस्कार करून म्हणाला, ‘‘गुरुजी, माझं नाव ध्यानात हाय का?’’ मला ते आठवेना.

आपल्या शहापूर-मुरबाड तालुक्यांत भट्टीवर, शेतावर, कचेरीत आजही हेच चालते. साठीच्या ठाकर मजुरास आपला दहा वर्षांचा मुलगा ‘अरे’ म्हणतो. नोकरीस लागलेल्या मागासवर्गीय तरुणास ‘सरकारचा जावई’ म्हणतात. ग्रामसेविकेने चूक दाखविली, तर ‘बायकांची अक्कल चुलीपुरती’ असे ऐकवितात. वर ‘गंमत केली’ म्हणावयाचे! ज्या गमतीत एकच बाजू हसते, तिला गंमत म्हणू नये.

१९५० साली अमलात आलेल्या घटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. अनुसूचित जाती-जमातींतील माणसाला चारचौघांत जातीवरून शिवी देणे हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. कामाच्या जागी स्त्रीला लैंगिक अर्थाचे टोमणे मारणे, हा २०१३ च्या कायद्याप्रमाणे छळ होय. जेथे दहापेक्षा कमी माणसे काम करतात, तेथील मजूर बाईलाही जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार नेता येते. परंतु आपल्या ओटीवर कायद्याचा पहारा नसतो. तेथे जिभेला वळण आपणच लावावयाचे आहे.

आपलेही वाडवडील सावकाराच्या अंगणात उभे राहून ‘अरे-तुरे’ ऐकत असत. ती सल आपण विसरलो आणि ती भाषा मात्र उचलली, याचा खेद वाटतो.

माझी विनंती एवढीच, की कामास येणाऱ्या प्रत्येकाचे नाव विचारावे, त्या नावानेच हाक मारावी आणि वडीलधाऱ्यास ‘अहो’ म्हणावे. बाजारात त्या दिवशी मी त्या मुलाचे नाव विचारून घेतले. तीस वर्षे शिकविले, पण हा धडा मला त्याने दिला.