लिलावातून अंगणापर्यंत



जुन्या लष्करी मालमोटारीचे वसंत व्याख्यानमालेत काय काम, असे कोणी मनात म्हणेल. परंतु आपल्या नगरला हा विषय परका नाही. १९९४ पासून येथे रणगाड्यांचे संग्रहालय आहे. आणि राज्य परिवहनाची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी धावली, ती पुणे–नगर याच रस्त्यावर. लष्कर आणि मोटार ही दोन्ही आपल्या गावची सोयरीच म्हणायची.

लष्कराने मोडीत काढलेली गाडी लिलावात निघते. ‘शक्तिमान’ तुम्ही पाहिली असेल. जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्याने ती जबलपूरला बांधली जाई. समजा, श्रीगोंद्याच्या एका बागायतदाराने अशी गाडी तिकडेच विकत घेतली. सिवनी, नागपूर, अमरावती करीत घर गाठायचे म्हणजे आठशे किलोमीटरांहून अधिक वाट. तो बोलीची रक्कम मोजतो, डिझेल मोजतो. मोजायचा राहतो तो चाकामागे बसणारा माणूस.

वर्षानुवर्षे उभी राहिलेली गाडी दिसते धडधाकट. पण टायरांना चिरा पडतात, ब्रेकच्या रबरी नळ्या कडक होतात, ब्रेकच्या तेलात ओल शिरते. उतारावर ब्रेक तापला की त्या ओलीची वाफ होते आणि पायाखालचा पेडल पोकळ जातो. टाकीतला गंज हलून गाळणीत अडकतो आणि इंजिन भररस्त्यात बंद पडते. पुढच्या चाकांचे बळ डांबरी रस्त्यावर सोडवले नाही, तर गियरांवर ताण येतो. कुरईच्या घाटात खालच्या गियरमध्येच उतरावे लागते. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणे म्हणजे यमाला हाक मारणे.

कागदांचेही तसेच. वर तोंड केलेल्या बाणाचा लष्करी क्रमांक विक्रीनंतर उपयोगाचा नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे नोंदणी आणि विमा यांशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही. नाक्यावर गाडी अडली, की मालक टेलिफोनवर असतो आणि पोलिसांपुढे ड्रायव्हर.

आमच्या कचेरीत पाथर्डी तालुक्यातला एक ड्रायव्हर आला होता. अशीच गाडी आणताना त्याला दोन रात्री झोप नव्हती. वाटेत टायर फुटला. गाडी खड्ड्यात गेली, मनगट मोडले. मालकाने टायरची किंमत मजुरीतून कापून घेतली. मनगटाची किंमत मात्र कोणी विचारली नाही.

कायदा नव्हता असे नाही. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तासांची मर्यादा घातली होती, आणि पाच तासांच्या कामानंतर निदान अर्धा तास विश्रांती ठरवली होती. पण पाचांपेक्षा कमी कामगारांच्या धंद्याला तो आपोआप लागू होत नसे. म्हणजे ज्याची गाडी एक आणि ड्रायव्हर एक, तेथे हा एकटा माणूस कायद्याच्या उंबरठ्याबाहेर उभा. एकट्याला झोप कमी लागते, असे तर कोणी म्हणणार नाही!

तेव्हा माझे सांगणे थोडक्यात असे. घेण्याआधी आपला मिस्त्री पाठवा. नळ्या, ब्रेकचे तेल आणि टायर तेथेच बदला. कागद पुरे होत नसतील किंवा गाडी धड नसेल, तर ती दुसऱ्या गाडीच्या पाठीवर लादून आणा. चालवत आणायचीच, तर दोन ड्रायव्हर द्या, रात्रीचा मुक्काम द्या, मजुरी आणि परतीचे भाडे आधी लिहून द्या. आणि ड्रायव्हर “ही गाडी चालणार नाही” म्हणाला, तर त्याचा शब्द शेवटचा माना.

याने खर्च वाढेल हे खरे. पण हा खर्च नवा नाही. आजवर तो ड्रायव्हरच्या घरातून जात होता; आता तो गाडीच्या किमतीत धरा, एवढेच मागणे आहे. मग सौदा परवडत नसेल, तर तो सौदा स्वस्त कधी नव्हताच.