डार्को सुविन यांचे ऋण



विज्ञानकथेच्या अभ्यासकांच्या या परिषदेत ज्या विद्वानाच्या ग्रंथकर्तृत्वाविषयी मला आज बोलावयाचे आहे, त्याचे पुस्तक कोणी उघडलेले असो वा नसो, त्याचे ऋण या सभागृहातील प्रत्येकावर आहे.

१९३० साली झाग्रेब येथे जन्मलेले आणि पुढे माँट्रियलच्या मॅगिल विद्यापीठात दीर्घकाळ अध्यापन केलेले डार्को सुविन यांनी १९७२ साली ‘कॉलेज इंग्लिश’ या नियतकालिकात एक निबंध लिहून, संज्ञान आणि अपरिचितीकरण यांच्या अन्योन्यक्रियेतून जे वाङ्मय सिद्ध होते ते विज्ञानकथा होय, अशी व्याख्या मांडली. नित्याच्या जगाहून निराळे जग कथेने उभे करावे, त्या निराळेपणाच्या मुळाशी एक नवतत्त्व असावे, आणि बुद्धीला पटेल अशा कार्यकारणाने ते शेवटास न्यावे, हा तिचा आशय. यातील अपरिचितीकरणाची कल्पना श्क्लोव्हस्की व ब्रेख्त यांची, नवतत्त्वाची एर्न्स्ट ब्लॉख यांची. पण त्यांची सांगड घालून, ज्या वाङ्मयाला विद्यापीठांत फारसा थारा नव्हता त्याची कैफियत शास्त्रशुद्ध रीतीने मांडणे, हे सुविन यांचे स्वतःचे कार्य. १९७९ साली येल विद्यापीठाने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या ग्रंथात हा विचार पूर्णत्वास गेला.

त्या ग्रंथातील वेल्सच्या ‘टाइम मशीन’चे विवेचन मला सर्वांत मोलाचे वाटते. इसवी सन ८०२७०१ मध्ये भूपृष्ठावर बागडणारे नाजूक इलॉय आणि भूगर्भात यंत्रे चालविणारे मॉरलॉक, त्यानंतर ओसाड किनाऱ्यावरचे अजस्र खेकडे, आणि अखेरीस मंदावलेल्या सूर्याखाली धडपडणारा एक गोल, सोंडाळ जीव, ही दृश्ये आपण सारे केवळ विस्मयाने वाचत आलो. सुविन यांनी मात्र दाखवून दिले की हा उत्क्रांतीचा जिना पायरीपायरीने उलटा उतरण्याचा प्रवास असून, त्याच्या पहिल्याच पायरीवर मालकवर्ग श्रमिकांचे भक्ष्य होऊन बसला आहे. कथेची रचना हेच कथेचे मत असते, हे इतक्या स्वच्छपणे क्वचितच कोणी सिद्ध केले असेल.

ग्रंथलेखनाबरोबरच आर. डी. मलन यांच्या सहकार्याने सुविन यांनी १९७३ साली ‘सायन्स फिक्शन स्टडीज’ हे नियतकालिक सुरू केले, आणि १९७५ या एकाच वर्षात फिलिप डिक व अर्सुला ले ग्विन यांच्यावर त्याचे विशेषांक निघाले.

विद्वानाच्या प्रभावाचा हिशेब उद्धरणांच्या बेरजेने करण्याची वहिवाट मला मान्य नाही. त्याचे प्रतिपक्षी कोणत्या भूमीवर उभे राहून त्याच्याशी वाद घालतात, हे पाहावे. कथेतील विज्ञान खरे असण्याची गरज नसून ते खरे भासविण्याची हातोटीच पुरेशी आहे, अशी दुरुस्ती कार्ल फ्रीडमन यांनी २००० साली सुचविली. हा भास म्हणजे लेखकाने वाचकावर चालविलेला अधिकार होय, असा आक्षेप चायना मिएव्हिल यांनी २००९ साली घेतला. दोघांनाही सुविन यांच्याच परिभाषेत बोलावे लागले. अद्भुतकथेला आणि परीकथेला सुविन यांनी आपल्या व्याख्येबाहेर ठेवले, हा निवाडा मला स्वतःला फार कठोर वाटतो. तथापि तो कठोर आहे हे सांगताना मीही त्यांचीच सीमारेषा वापरीत आहे.

आता आपल्याकडे वळू. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ सालच्या कथास्पर्धेत जयंत नारळीकरांनी टोपणनावाने ‘कृष्णविवर’ पाठविली, तेव्हापासून मराठीत विज्ञानकथा पुष्कळ लिहिली गेली, परंतु तिची मीमांसा बहुधा परिचय आणि प्रशस्ती यांपुढे गेली नाही. कथेत विज्ञान अचूक आहे काय, एवढाच प्रश्न आपण विचारीत आलो. त्या विज्ञानाने कथेतल्या समाजाचे काय केले, हा प्रश्न मागेच राहिला. म्हणून आपणा तरुण अभ्यासकांना माझी विनंती आहे की, ‘नवल’सारख्या मासिकांचे जुने अंक ग्रंथालयांतून बाहेर काढा, त्यांतील एकेक कथा घेऊन तिचे नवतत्त्व कोणते आणि ते कोठवर नेले आहे हे तपासा, आणि जेथे सुविन यांची व्याख्या आपल्या कथेला लागू पडत नाही तेथे ती का पडत नाही, हे सप्रमाण लिहा.