पाणी, तुरटी आणि परदेशचा बाजार



रंगीत कापडाची परिषद बडोद्यात भरावी हे उचितच आहे. १८९० मध्ये सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने त्रिभुवनदास गज्जरांनी इथे कलाभवन सुरू केलं आणि रंगकामाला अभ्यासक्रमात जागा दिली.

गुजरातच्या छापील सुती कापडाचे तुकडे कैरोजवळच्या फुस्तातमध्ये सापडले. वापरून, फाटल्यावर टाकून दिलेले. त्याच धाटणीची कापडं सुलावेसी बेटावरच्या तोराजा लोकांनी मात्र पवित्र ठेवा म्हणून पिढ्यान्‌पिढ्या जपली. इजिप्तमध्ये ते रोजचं वस्त्र होतं, तिकडे ते पूजेत गेलं; दोन्हीकडे रंग टिकला.

लाल रंग टिकला तो तुरटीमुळे. लाल नक्षी छापताना ठशाला लाल रंग लागतच नाही, तुरटी लागते. मग कापड मंजिष्ठेच्या किंवा आलाच्या मुळांच्या उकळत्या पाण्यात गेलं, की तुरटीच्या जागी लाल उमटतो आणि लोखंडाचं पाणी छापलेल्या जागी काळा. धुतल्यावर नक्षी तेवढी राहते. सतराव्या शतकाच्या बहुतेक काळात युरोपला सुती कापडावर असे पक्के रंग छापणं साधत नव्हतं. आपला माल तिथे इतका खपला, की फ्रान्सने १६८६ मध्ये त्यावर बंदी घातली. इंग्लंडने १७०० आणि १७२१ मध्ये कायदे केले.

पाटणच्या पटोळ्यात तर उभे-आडवे दोन्ही धागे विणण्याआधीच बांधून रंगवतात. डच ईस्ट इंडिया कंपनी इंडोनेशियातल्या राजांना पटोळी नजराणा देई, कारण मसाल्याच्या व्यापाराची वाट तिथूनच जात होती.

अशा व्यापारी कंपन्यांच्या वह्यांत कापडाचे प्रकार, नग, किमती सापडतात. रंगवणाऱ्याचं नाव क्वचितच. मला हे फार लागतं. म्हणून या परिषदेत कारागिरांची प्रात्यक्षिकं आम्ही जेवणानंतरच्या सुस्त वेळेत ढकललेली नाहीत. सकाळचं पहिलं सत्र त्यांचंच.

आणखी एक आग्रह. निर्यातीची चर्चा होईल तेव्हा पाण्याचीही व्हावी. २००१ च्या भूकंपानंतर कच्छमधल्या धमडक्याचं पाणी रंगकामाला पुरेना, साथ देईना, आणि तिथल्या अनेक खत्री रंगारी कुटुंबांनी अजरखपूर हे नवं गाव वसवलं. पाणी बिघडलं की लाल बिघडतो, मग मागणी कितीही असो.

निळीची कुंडं मागच्या अंगणात तयार आहेत. निबंधवाचकांनी आधी तिथे जाऊन यावं. अध्यक्षमहोदयांनी परिषदेची सूत्रं हाती घ्यावीत, ही विनंती.