गिऱ्हाईक दारी कसे यावे?

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या मंडळात पापड, मसाले, शिवण, डबे असे काही ना काही करणाऱ्या भगिनी पुष्कळ आहेत. त्यांतल्या बहुतेकींचे गाऱ्हाणे एकच असते. माल चांगला आहे, पण गिऱ्हाईक नाही आणि जाहिरातीला पैसा नाही. म्हणून चिटणीसबाईंनी आजचा विषय मला दिला.

एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगते. धंदा सुरू केला की पहिली दहा-बारा गिऱ्हाइके नणंद, जाऊ, शेजारीण, मुलाच्या शाळेतील बाई अशीच असतात. ती भिडेखातर घेतात. त्यात वाईट काही नाही, परंतु ती विक्री धंद्याच्या जमेस धरू नये. तीच शेजारीण महिन्याने आपण होऊन रिकामी बरणी घेऊन आली, म्हणजे गिऱ्हाईक मिळाले असे समजावे. घरगुती धंदे बुडतात ते बहुधा या पहिल्या आणि दुसऱ्या खरेदीच्या मध्येच.

आपल्याच मुलखातले उदाहरण घ्या. पलूस तालुक्यातली किर्लोस्करवाडी आपण आगगाडीतून पाहिली आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी प्रथम बेळगावास लोखंडी नांगर केला, तेव्हा शेतकरी तो घेईनात. लोखंडाने जमिनीत विष भिनते अशी समजूत होती. पहिले नांगर खपावयास दोनेक वर्षे गेली असे सांगतात. पुढे बेळगावची जागा सोडावी लागली, औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनाजवळचा माळ दिला, आणि १९१० साली कारखाना तेथे आला. आता विचार करा, अशा समजुतीशी वाद घालून काय होणार? शेजारच्या रानात नांगर चाललेला आणि पुढे तेथे पीक उभे राहिलेले डोळ्यांनी दिसावे लागते. आपल्या मसाल्याचेही तसेच आहे. ‘उत्तम, शुद्ध, घरगुती’ हे शब्द आज प्रत्येक पाकिटावर असतात, त्यांना कोण विचारतो! त्यापेक्षा बचतगटाच्या जत्रेत टेबलावर शेगडी ठेवून, आपल्या मसाल्याची आमटी उकळत ठेवावी. वास चार दुकानांपलीकडे जातो आणि त्याला भाडे पडत नाही.

त्याच किर्लोस्करवाडीहून १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक काढले. प्रथम ते कारखान्याचे माहितीपत्रच होते. गिऱ्हाइकाला नांगर विकून झाल्यावरही त्याच्याशी बोलणे चालू ठेवावे, ही त्यातली मेख. पुढे त्यातूनच ‘किर्लोस्कर’ मासिक झाले आणि १९३० साली ‘स्त्री’ निघाले. आपल्या आज्यांनी दुपारच्या वेळी वाचलेल्या ‘स्त्री’चे मूळ असे नांगराच्या गिऱ्हाइकांत आहे!

आज ते बोलणे मोबाइलवर फुकट होते, हे खरे. परंतु रोज सकाळी फुलांच्या चित्राबरोबर चकलीचा भाव पाठविणे म्हणजे बोलणे नव्हे. कोणाकडे मधुमेहाचे पथ्य आहे, कोणाला तिखट सोसत नाही, कोणाची लेक पुण्यास वसतिगृहात आहे आणि दिवाळीला तिच्यासाठी डबा जातो, हे वहीत टिपून ठेवावे. नेमक्या वेळी नेमक्या घरी एक ओळ पाठवावी. तेवढी पुरते.

पापडवाल्या भगिनींनी लिज्जतची हकीकत ऐकली असेलच. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईस गिरगावात सात गुजराती भगिनींनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटले. पहिली चार पाकिटे भुलेश्वरातील ओळखीच्या व्यापाऱ्याला दिली. यातल्या दोन गोष्टी मला फार मोलाच्या वाटतात. सुरुवातीस त्या दोन प्रतींचे पापड करीत, एक चांगला आणि एक हलका, स्वस्त. त्यांचे मार्गदर्शक छगनलाल पारेख यांनी हलकी प्रत बंद करावयास लावली. दुसरी गोष्ट पावसाची. पहिल्या वर्षी पावसाळ्यात पापड वाळेनात, म्हणून चार महिने काम थांबले. दुसऱ्या वर्षी त्यांनी खाट आणि स्टोव्ह आणला, खाटेवर पापड आणि खाली स्टोव्ह! चार महिने दार बंद राहिले की गिऱ्हाईक दुसरे दार शोधते, आणि ते परत आणणे नवीन मिळविण्याहून कठीण असते. आपल्याकडे आषाढ-श्रावणात कितीजणी काम बंद ठेवतात, ते तुम्हीच मनात मोजा.

मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांचा उल्लेख ओझरता करते. शिकलगारीतून या कामाकडे वळलेल्या त्या घराण्यांच्या वाद्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण नाव त्याआधी कितीतरी वर्षे देशभर झाले होते. बैठकीत गवयाच्या मागे वाजणारा तंबोरा हीच त्यांची पाटी.

आता उधारीविषयी. गिरणगावात सातारा, सांगली, रत्नागिरीकडचे गडी एकटे राहात आणि आपल्या मुलखातल्या बाईच्या खाणावळीत जेवत. त्या बायांना गिऱ्हाईक शोधावे लागले नाही. गावचा एकजण आला की तो दुसऱ्याला आणी. पैसे महिन्याच्या पगाराला. पण संप झाला की पगार थांबे आणि जेवण मात्र चालू राही. वाण्याचे व सावकाराचे देणे बाईच्या डोक्यावर येई. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढून या बायांना बँकांची कर्जे मिळवून दिली, ती यासाठीच. म्हणून म्हणते, ओळखीतून आलेले गिऱ्हाईक उधारीही मागते. किती दिवसांची आणि किती रुपयांची, हे आपण आधीच ठरवावे आणि हसतमुखाने सांगावे. संकोच केला तर पैसे जातात, आणि पुष्कळदा मैत्रीणही जाते.

शेवटी एक सूचना मंडळापुढे ठेवते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण प्रत्येकजण पन्नास-साठ वाणे लुटतो. बहुतेक वस्तू प्लास्टिकच्या असतात आणि त्या पुढल्या वर्षी दुसऱ्या घरी वाण म्हणून जातात! त्याऐवजी आपल्याच भगिनींच्या मेतकुटाची, चटणीची, सांगलीच्या हळदीची लहान पुडी वाण म्हणून द्यावी. पुडीवर करणारीचे नाव, दूरध्वनी, तयार केल्याची तारीख आणि अन्नसुरक्षा नोंदणीचा क्रमांक असावा. एका दुपारी पन्नास घरांत चव पोहोचते, आणि बनविणारीला पुडीचे पैसेही मिळतात.

मात्र इथे एक बोलले पाहिजे. आपल्यात पोटासाठी धंदा करणाऱ्या कितीतरी भगिनी विधवा आहेत. त्यांची पुडी आपण वाण म्हणून लुटायची आणि त्यांना मात्र दाराशी बोलवायचे नाही, हे मला मान्य नाही. शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ साली विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. ते गाव आपल्यापासून लांब नाही. येत्या संक्रांतीचे निमंत्रण मंडळाच्या सर्व सभासदांना सारखेच जावे, सर्वांना हळदीकुंकू लावावे, वाण द्यावे, आणि बनविणारीने ते स्वतःच्या हाताने द्यावे.

पुड्यांची मागणी मार्गशीर्ष संपण्यापूर्वी नोंदवावी, म्हणजे करणारीला जिन्नस घेण्यास आणि वाळविण्यास अवधी मिळेल. निम्मे पैसे आगाऊ द्यावेत. वही चिटणीसबाईंकडे आज ठेवलीच आहे, आणि पहिली साठ पुड्यांची मागणी माझी लिहून घ्यावी.