वाढदिवसाची लूट

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतच्या दिवसांत महाराष्ट्रांतील पुष्कळ घरीं लहान मुलाचें बोरन्हाण होतें. मुलाला काळें झबलें घालतात, हलव्याचे दागिने चढवितात, पाटावर बसवून औक्षण करितात, आणि मग बोरें, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, चुरमुरे, भुईमुगाच्या शेंगा व हलवा ह्यांचा वर्षाव त्याच्या मस्तकावरून होतो. ज्याच्यासाठीं हा थाट मांडला, तें बालक बहुधा भांबावून रडूं लागतें; परंतु पाटाभोंवतीं जमलेलीं आळींतील मुलें त्या लुटीवर तुटून पडतात. कोणी सदऱ्याची झोळी करितें, कोणी परकराचा ओचा पसरितें, कोणी दोन्ही खिसे फुगवून घेतें. घरीं गेल्यावर आईपुढें ती मिळकत ओततांना त्यांच्या तोंडावर जो अभिमान दिसतो, तो विकतच्या मिठाईचा पुडा हातीं दिल्यानें दिसत नाहीं.

हा विधि वाढदिवसाचा नव्हे. तथापि वाढदिवसास आलेल्या बालपाहुण्यांस निघतांना काय द्यावें, ह्या आजच्या मातापित्यांस पडणाऱ्या प्रश्नाचें उत्तर त्यांत सांपडण्यासारखें आहे. लूट सर्वांस सारखी मोकळी असते. ती मुलानें स्वतःच्या हातानें मिळविलेली असते. आणि तिची किंमत इतकी अल्प असते कीं ती कोणाला फेडावी लागत नाहीं. हे तीन गुण ज्या देणगींत असतील ती उत्तम, मग ती चिमूटभर मेथीच कां असेना.

पूर्वीं वाढदिवस तिथीनें करीत. अभ्यंगस्नान, औक्षण, देवाला व वडील माणसांना नमस्कार, आणि पानांत एखादें गोडधोड, एवढ्यांत तो पार पडे. शेजारच्या मुलांच्या हातावर खाऊ पडे आणि तीं पुन्हा खेळावयास पळत. पुढें केक आला, मेणबत्त्या व फुगे आले, आणि त्यांच्या पाठोपाठ ‘रिटर्न गिफ्ट’ आलें. त्यामागील मूळ हेतु निर्मळ आहे. एकाच्या आनंदाच्या दिवशीं दुसऱ्या मुलानें रित्या हातीं परतूं नये, हा तो हेतु. परंतु त्याला स्पर्धेची कीड लागावयास वेळ लागत नाहीं. एका घरीं रंगपेटी मिळाली कीं दुसऱ्या घरीं दप्तर दिलें जातें, आणि तिसऱ्या घरच्या आईला त्याहून वरचढ कांहीं शोधीत बाजार पालथा घालावा लागतो. ज्या मुलांसाठीं हें सर्व चाललेलें असतें, त्यांच्या हातीं तें खेळणें दोन दिवसांत मोडतें आणि तिसऱ्या दिवशीं कोनाड्यांत पडतें.

खर्च वाया जातो, ही त्यांतली लहान हानि. मोठी हानि निराळीच आहे. असा एक प्रसंग कल्पावा. एका इमारतींत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या मुलाला पांचवें वर्ष पूर्ण होत आहे. त्या घरीं भांडीं घासणाऱ्या बाईची मुलगी रोज अंगणांत त्याच्याबरोबर खेळते. त्यानें आपण होऊन तिला बोलावणें केलें आहे. मुलगी आईच्या मागें लागते. आई म्हणते, “जायचं नाहीं. आपण न्यायचं काय? अन् ते देतील ते फेडायचं कशानं?” मुलीला फेडण्याची गोष्ट कळत नाहीं. आपणांस जावयाचें नाहीं, एवढेंच तिला कळतें. दोन मुलांच्या स्नेहांत जी भिंत नव्हती, ती मोठ्यांच्या औदार्यानें अशी उभी राहते.

म्हणून पहिला उपाय बोलावणें करितांनाच योजला पाहिजे. ‘मुलांनीं नुसतें खेळावयास यावें, कांहींहि आणूं नये,’ असें स्पष्ट सांगावें. आणि तें सरसकट सर्वांस सांगावें. केवळ गरिबाला दिलेली सूट ही सूट नसून अपमान होय. त्यानंतर निघतांना द्यावयाची वस्तु अशी निवडावी कीं, ती घेतांना कोणाच्याहि आईला ओझें वाटूं नये.

वस्तु निवडतांना मुलांचें वय आधीं पाहावें. तीन वर्षांच्या आंतील मूल प्रत्येक पदार्थाची परीक्षा जिभेनें करितें. सुमारें सव्वा इंच व्यासाच्या नळींत जें मावेल, तें ह्या वयाच्या मुलाच्या घशांत अडकूं शकतें, ही कसोटी खेळण्यांच्या परीक्षणांत वापरली जाते. त्यामुळें मणी, गोट्या, चिंचोके व सागरगोटे हीं मोठ्या भावंडांसाठीं ठेवावींत. न फुगविलेला फुगा किंवा फुटलेल्या फुग्याचा तुकडा हा त्याहून घातक, कारण तो घशाला चिकटून बसतो. लुकलुकणाऱ्या स्वस्त खेळण्यांत बटणाएवढी चपटी बॅटरी असते. ती गिळली गेल्यास दोन तासांच्या आंत अन्ननलिका भाजूं शकते. भारतांत १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आय.एस.आय. चिन्ह आवश्यक ठरले आहे. नोंदणीकृत हस्तकारागिरांस त्यांतून सवलत आहे. कारखान्यांतील खेळणें घ्यावयाचेंच तर हें चिन्ह पाहून घ्यावें. लांकडी खेळणें हवें असल्यास सावंतवाडीच्या चितारआळींतील रंगीत फळें किंवा भोवरे ह्यांसारखी देखणी वस्तु सहसा मिळावयाची नाहीं. मात्र भोवरा फिरविण्याजोगा हात सहा-सात वर्षांच्या पुढेंच तयार होतो.

परंतु चार-पांच वर्षांच्या मुलाला तयार वस्तूपेक्षां अपुरी वस्तु अधिक प्रिय असते. जें आपण पुरें करावयाचें, त्यांत त्याचें मन गुंतते. ह्या दृष्टीनें नारळाच्या करवंटीसारखें साधन नाहीं. करवंटीच्या बुडाला खिळ्यानें एक भोंक वडील माणसानें पाडून ठेवावें आणि कडा घासून गुळगुळीत करावी. वाढदिवसाच्या दिवशीं अंगणांत किंवा गच्चीवर मातीचें घमेलें मांडावें. प्रत्येक मुलानें आपली करवंटी आपल्या हातानें भरावी, रात्रभर भिजविलेल्या मेथीचे चिमूटभर दाणे त्यावर पसरावेत, वरून मातीचा पातळ थर द्यावा आणि ती घरीं न्यावी. तीन-चार दिवसांत कोंब दिसतात, आणि महिन्याभरांत एखाद्या वरणापुरती भाजी मिळते. बीं स्वयंपाकघरांतील डब्यांतलेंच असावें, कारण पेरणीसाठीं विकावयास ठेवलेल्या बियांस पुष्कळदां औषध चोळलेलें असतें. गुंजा व एरंडाच्या बिया दिसावयास सुंदर, परंतु विषारी; त्या मुलांच्या जवळपासहि असूं नयेत.

पावसाळ्याचे दिवस असले किंवा अंगण नसलें, तर घरांत बसून करण्याजोगा उद्योग कणकेचा. दोन वाट्या कणीक, एक वाटी मीठ व दोन चमचे तेल बेताबेतानें पाणी घालून घट्ट मळावें. एका गोळ्यांत हळद, दुसऱ्यांत बीटाचा रस, तिसऱ्यांत पालकाचा रस घातला कीं तीन रंग होतात. मुलांनीं त्यांचे साप, लाडू व गणपति करावेत, आणि प्रत्येक रंगाचा एकेक गोळा झांकणाच्या डबींत घालून घरीं न्यावा. तो चार-सहा दिवस मऊ राहतो. तो अतिशय खारट असल्यामुळें खावयाचा नाहीं, हें मुलांस आणि त्यांच्या आयांस सांगून ठेवावें.

वहीची कल्पना त्याहून सोपी आहे. चार फुलस्केप कागद मध्यें दुमडून एकांत एक घातले आणि घडीवर सुईदोऱ्यानें तीन टांके घातले कीं सोळा पृष्ठांची वही होते. मुखपृष्ठावर ज्याची वही त्याचें नांव ठळक अक्षरांत लिहावें. पहिल्या पानावर ज्याचा वाढदिवस आहे त्या मुलानें चित्र काढावें; तें मांजराचें आहे कीं बैलाचें हें ओळखूं न आलें तरी बिघडत नाहीं. उरलेलीं पानें कोरीं ठेवावींत. बाराजणांसाठीं बारा चित्रें काढावयाचीं म्हणजे मुलाला आठवडाभर रोज थोडें बसावें लागतें, आणि त्या आठवड्यांत तें घेण्याऐवजीं देण्याची वाट पाहावयास शिकतें. वाढदिवसाच्या मुलाला एरव्हीं त्या दिवशीं फक्त घेणेंच ठाऊक असतें.

वेष्टनाचाहि विचार करावा. चकचकीत पिशवी दारांतून बाहेर पडतांच फाटते आणि रस्त्यावर उडत राहते. घरांतील जुन्या लुगड्याच्या मऊ पदरांतून वीतभर लांबीरुंदीच्या नाडीच्या पिशव्या आजीला एका दुपारीं शिवतां येतात. वही, गोळ्याची डबी आणि राजगिऱ्याचा एक लाडू एवढें तींत सहज राहतें, आणि पुढें ती खडू व शिंपले ठेवण्याच्या कामीं येते. खाऊंत अख्खे शेंगदाणे लहानांस देऊं नयेत. कोणाला शेंगदाणे किंवा दूध सोसत नसेल तर तें आधीं विचारून घ्यावें.

पिशव्या मोजून करूं नयेत. बोलावलेल्या मुलांमागून एखादें धाकटें भावंड न बोलावतां येतेंच, आणि दारांतून हात हालवीत परतणारें मूल हा घराचा कमीपणा होय. म्हणून दोन-तीन पिशव्या अधिक असाव्यात. सर्व पिशव्यांतील वस्तु एकसारख्या असाव्यात; लुगड्याच्या काठाचा रंग तेवढा निरनिराळा असला तर चालेल. वाटतांना मोठ्यांनीं मागें उभें राहावें आणि मुलानें स्वतः एकेकाला नांवानें हांक मारून पिशवी द्यावी.

तिसऱ्या मजल्यावरील त्या घरीं असें झालें असें समजावें. भांडीं घासणारी बाई मुलीला केस विंचरून रित्या हातीं पाठवील, कारण सर्वांनाच रित्या हातीं यावयाचें आहे. मुलगी एक करवंटी व एक पिशवी घेऊन घरीं येईल. करवंटी पाहून तिच्या आईला कसलाहि हिशेब करावा लागणार नाहीं. ती फार तर पाणी बेतानें घाल म्हणून बजावील. आणि चौथ्या दिवशीं सकाळीं ती मुलगी जिन्याखालून त्या मुलाला हांक मारून विचारील, “माझी उगवली. तुझी उगवली का रे?”